‘गोर्निमि तीखो’: आत्म्याच्या रशियन गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गाणं नक्की कोणतं?

खरं तर हे एक गाणं नाही, एकाच कवितेवरची तीन गाणी आहेत. कविता अलेक्सेई कॉन्स्तान्तिनोविच टॉलस्टॉय यांची, १८५८ सालची. अवघ्या बारा ओळी. तिला वेगळं शीर्षक नाही, म्हणून पहिल्या ओळीनेच ती ओळखली जाते: ‘गोर्निमि तीखो लेतेला दुशा नेबेसामि’. मदेस्त मुसोर्गस्कीने तिला १८७७मध्ये चाल लावली, प्योत्र चायकोव्स्कीने १८८०मध्ये आणि निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्हने १८८३मध्ये. सहा-सात वर्षांत तीन दिग्गज, आणि तिघांनीही निवडलं तेच: एक आवाज आणि एक पियानो.

त्यामुळे कुणी नुसतं “ते आत्म्याचं रशियन गाणं” म्हणालं, तर आधी विचारायचं, “कुणाचं?”

‘वॉर अँड पीस’वाले टॉलस्टॉय का?

नाही. ते ल्येव (लिओ). हे अलेक्सेई, त्यांचे दूरचे चुलतभाऊ, अकरा वर्षांनी मोठे. जन्म १८१७, मृत्यू १८७५. लहानपणी ते भावी झार दुसऱ्या अलेक्झांडरचे सवंगडी होते. पुढे त्यांनी भयंकर इव्हानपासून बोरिस गोदुनोव्हपर्यंतच्या झारांच्या काळावर तीन पद्य नाटकं लिहिली. आपल्या झेमचुझ्निकोव्ह मावसभावांबरोबर त्यांनी कोझमा प्रुत्कोव्ह नावाचा एक बढाईखोर सरकारी कवीही जन्माला घातला. हा माणूस कधी अस्तित्वातच नव्हता, पण त्याची वचनं रशियन लोक आजही गप्पांत वापरतात. इतकी गंभीर कविता आणि इतकी टवाळी एकाच लेखणीतून आली, हे मला फार आवडतं.

तिन्ही चाली झाल्या त्या टॉलस्टॉय गेल्यानंतर. आपली ही कविता कशी गायली जाते, हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नाही.

शब्दांचा अर्थ मराठीत सांगाल का?

हा माझा साधा गद्य अनुवाद. ‘आत्मा’ हा शब्द पहिल्या ओळीत मुद्दाम टाळला आहे, कारण पुढच्या एका प्रश्नात येईलच.

“उंच नभांच्या वाटेने ती हळू उडत चालली होती, उदास पापण्या खाली झुकलेल्या. पापण्यांवरून निखळलेले अश्रू ताऱ्यांसारखे अवकाशात पडत होते, आणि त्यांची लांबच लांब उजळ रांग तिच्या मागे वळणं घेत येत होती.

वाटेत भेटणाऱ्या तारकांनी हळूच विचारलं, ‘एवढी उदास का? डोळ्यांत हे पाणी कशाचं?’ ती म्हणाली, ‘मी पृथ्वीला विसरले नाही. खूप यातना, खूप दुःख मी तिथे मागे ठेवून आले.

इथे कानावर पडतात ते फक्त सुखाचे आणि आनंदाचे मेळे. पुण्यवंतांना ना शोक ठाऊक, ना द्वेष. निर्मात्या, मला पुन्हा पृथ्वीवर जाऊ दे. तिथे कुणासाठी तरी कळवळता येईल, कुणाचं तरी सांत्वन करता येईल.’”

शेवटच्या ओळीतल्या ‘पझालेत्य’ या क्रियापदाचा अर्थ कोशात ‘कीव करणे’ असा सापडतो. पण ‘कीव’ म्हटलं की मराठीत वरून खाली बघणं आलं. रशियन खेड्यांच्या बोलीत याच धातूचा अर्थ ‘माया करणे’ असाही होत असे. म्हणून मी ‘कळवळणे’ घेतलं.

याला ‘आत्म्याचं आरोहण’ का म्हणतात? ती वर चढते कुठे?

कुठेच नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याने कविता नीट वाचली आहे.

इंग्रजीत हे गाणं बहुतेक वेळा ज्या शीर्षकाने येतं, त्यात आत्मा स्वर्गाकडे ‘वर उडाला’ असं असतं. मूळ रशियनमध्ये ‘वर’ या अर्थाचं क्रियापद नाही. ‘लेतेला’ म्हणजे ‘उडत होती’. अपूर्ण भूतकाळ, चालू असलेली क्रिया. आणि ‘गोर्निमि नेबेसामि’ म्हणजे ‘उंच आकाशांनी’. रशियनमधली ही विभक्ती आपल्या तृतीयेची बहीण आहे. आपण ‘रस्त्याने चाललो होतो’, ‘आकाशमार्गे गेला’ म्हणतो, तसंच ‘ती उंच आकाशांनी चालली होती’. म्हणजे कविता सुरू होते तेव्हा चढण संपलेली आहे. ती आधीच वर आहे.

आणि त्यानंतर काय काय होतं ते बघा. पापण्या खाली. अश्रू खाली. आठवण खालची. विनंती खाली पाठवण्याची. पहिल्या ओळीचा पहिला शब्द ‘गोर्निमि’, म्हणजे ‘उंचावरच्या’. दुसऱ्या ओळीत लगेच ‘दोलु’, म्हणजे ‘खाली, भुईकडे’. हे दोन्ही शब्द चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेच्या वळणाचे आणि एकमेकांचे जोडीदार. टॉलस्टॉयने एक वर ठेवला, दुसरा त्याच्याखाली, आणि बाकीची कविता दुसऱ्याच्या बाजूने झुकवली. आरोहणाचं म्हणून गाजलेल्या या गाण्यात एकही गोष्ट वर जात नाही.

मी रशियन शिकत असताना हे गाणं इंग्रजी शीर्षकावरूनच ऐकायला घेतलं होतं. चाल कुठे चढते याची वाट बघत बसलो. शब्द समोर ठेवल्यावर कळलं, की मी चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होतो.

आत्मा ‘ती’ कशी? मराठीत तर ‘तो’ आत्मा.

रशियन ‘दुशा’ स्त्रीलिंगी आहे. व्याकरणापुरतं म्हणून सोडून देता आलं असतं, पण टॉलस्टॉय या लिंगाचा पुरेपूर उपयोग करतो. त्याच्या आत्म्याला पापण्या आहेत. ती डोळे झुकवते, रडते, विचारल्यावर हळू आवाजात उत्तर देते. वाचणाऱ्याला दिसते ती लेकरं मागे सोडून आलेली एक बाई.

मराठीत पंचाईत होते. आत्मा तो, जीव तो, प्राण तो. ‘काया’ आणि ‘कुडी’ मात्र स्त्रीलिंगी! म्हणजे रशियनमध्ये जिथे बाई उभी राहते, तिथे आपल्याकडे ती मागे चितेवर राहिलेली असते. ‘प्राणज्योत’ वापरून पाहिलं, पण ज्योतीला पापण्या कुठून आणायच्या? म्हणून मी नाम गाळलं आणि ‘ती’ ठेवली. याहून बरा उपाय कुणाला सुचला तर मी लगेच चोरेन.

हे चर्चमध्ये गातात का? भजनासारखं आहे का?

नाही. रशियन ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यं नसतात, फक्त माणसाचा आवाज. पियानो आला तिथेच हे गाणं चर्चच्या बाहेर पडलं. या प्रकाराला रशियनमध्ये ‘रोमान्स’ म्हणतात. प्रेमप्रकरणाशी त्याचा संबंध असेलच असं नाही; कवीची कविता, संगीतकाराची चाल, दिवाणखान्यातली किंवा छोट्या सभागृहातली बैठक, असा तो मामला. आपल्या भावगीताच्या जवळचा, फक्त इथे पियानो साथीला बसलेला नसतो, बरोबरीने बोलत असतो.

पण कवितेच्या पोटात चर्च आहे. ऑर्थोडॉक्स श्रद्धेत मृत्यूनंतरचा तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस महत्त्वाचा. वर जाणाऱ्या आत्म्याला वाटेत ‘मितार्स्त्वा’ म्हणजे जकातनाक्यांवर अडवतात, अशी एक जुनी लोकप्रिय समजूत आहे. संत वासिली नवे यांच्या चरित्रात थिओडोरा नावाच्या स्त्रीचा आत्मा असे वीस नाके ओलांडतो. प्रत्येक नाक्यावर एकेका पापाचा हिशेब: खोटं बोलणं, मत्सर, कंजूषपणा वगैरे.

टॉलस्टॉयच्या कवितेतही वाटेत अडवून प्रश्न विचारले जातात. फक्त विचारणारे दानव नाहीत, तारे आहेत, आणि ते “काय पाप केलंस?” असं विचारत नाहीत, “रडतेस का?” असं विचारतात. हे त्याने नाक्यांवरूनच घेतलं असा माझा दावा नाही. पण ती समजूत ज्यांच्या घरात होती, त्या वाचकांना हा फरक जाणवल्याशिवाय राहिला नसेल.

आणखी एक शब्द. ‘अत्पुस्ति’, म्हणजे ‘मला सोड, जाऊ दे’. सायंप्रार्थनेत म्हटलं जाणारं, बायबलमधल्या वृद्ध शिमोनाचं गीत याच धातूने सुरू होतं: ‘निन्ये अत्पुश्चायेशी’, “आता तू आपल्या दासाला सोडतोस”. तो म्हातारा जगातून सुटका मिळाली म्हणून समाधानी आहे. हिला तीच सुटका उलट्या दिशेने हवी आहे.

‘आनंदाचे चेहरे’ की ‘आनंदाचे मेळे’? अनुवादांत दोन्ही सापडतं.

मेळे. आजच्या रशियनमध्ये ‘लिक’ म्हणजे चेहरा, तोही देवाचा किंवा संताचा. पण चर्चच्या भाषेत ‘लिक’ म्हणजे गाणाऱ्यांचा समूह. पुढचं क्रियापद आहे ‘व्न्येम्ल्यू’, म्हणजे ‘कान देऊन ऐकते’. चेहरे ऐकता येत नाहीत.

एवढ्याशा शब्दाने ओळीचा रंग बदलतो. ती संगीताच्या मधोमध आहे. भोवती स्वर्गातलं गाणं चाललंय आणि तिला ते पुरेनासं झालंय. हे एका गाण्यातच सांगायचं, म्हणजे संगीतकारापुढे चांगलाच पेच.

तिघांपैकी कुणाची चाल सर्वांत चांगली?

आवडीचा प्रश्न, तेव्हा आवडीचंच उत्तर देतो. मला मुसोर्गस्कीची.

चायकोव्स्कीची सर्वांत जास्त गायली जाते आणि त्यात नवल नाही. ती त्याच्या ओपस ४७ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा अनुक्रमांक) या सात गाण्यांच्या संचातली दुसरी. संच १८८०च्या उन्हाळ्यातला, गायिका अलेक्सांद्रा पानायेवा यांना अर्पण केलेला. सातांपैकी चार कविता याच टॉलस्टॉयच्या. पाचवं गाणं त्याच्या ‘दमास्कसचा योहान’ या दीर्घकाव्यातलं आहे: एक यात्रेकरू जंगलांना, दऱ्यांना, शेतांना, आपल्या काठीला आणि झोळीलाही आशीर्वाद देत चालतो. दुसरं गाणं ऐकून लगेच पाचवं ऐका. वरून जिच्यासाठी डोळे भरून आले होते, ती पृथ्वी पायाखाली आल्यावर कशी दिसते, ते तिथे ऐकू येतं. चायकोव्स्कीने या हेतूने ती एकत्र ठेवली की नाही, हा प्रश्न वेगळा. माझ्या कानात ती जोडगोळी झाली आहे.

रिम्स्की-कोर्साकोव्हचं गाणं ओपस २७ मधलं पहिलं. त्याची कथा गाण्याइतकीच रंजक. १८८१मध्ये मुसोर्गस्की गेल्यावर त्याच्या अर्धवट कागदांचा ढीग रिम्स्की-कोर्साकोव्हने अंगावर घेतला. ‘खोवान्श्चिना’ हा अपुरा ऑपेरा त्यानेच पुरा केला. त्याच सुमारास, १८८३मध्ये, तो संगीतकार बालाकिरेव्हचा मदतनीस म्हणून राजदरबाराच्या गायनशाळेत, म्हणजे चर्चसंगीताच्या थेट मुख्यालयात, रुजू झाला. हे गाणंही त्याच वर्षीचं.

आणि मुसोर्गस्की? माणसं जशी बोलतात तसंच गाणं व्हावं, हा ज्याचा हट्ट, त्याने या तरंगत्या कवितेला हात लावावा हेच आश्चर्य. १८७७मध्ये त्याने टॉलस्टॉयच्या पाच कवितांना चाली लावल्या. ‘मृत्यूची गाणी आणि नृत्ये’ या त्याच्या चार गाण्यांच्या मालिकेतलं शेवटचंही त्याच वर्षी झालं. त्यात मृत्यू सेनापती होऊन रात्री रणांगणावर येतो आणि दोन्हीकडच्या प्रेतांना आपल्या फौजेत घेऊन कवायत करवतो. एका वर्षात, एकाच टेबलावर: इकडे मेलेल्यांना मातीतून वर येऊ न देणारा सेनापती, तिकडे मेल्यानंतर खाली परत यायचं म्हणणारी ही. तेव्हा तो सरकारी नोकरीत होता, दारूने पोखरला होता, आणि पुढे चारच वर्षं जगला. मी हे गाणं या दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच ऐकतो, आणि कदाचित म्हणूनच मला ते थोरलं वाटतं.

थोडक्यात सांगायचं तर चायकोव्स्कीकडे मला विनवणी ऐकू येते आणि मुसोर्गस्कीकडे उत्तर. ताऱ्यांनी विचारलं, तिने सांगितलं. रडून नाही, सांगून.

लेर्मोंतोव्हच्या ‘देवदूत’ कवितेशी याचा संबंध आहे का?

रशियन वाचकाला ती आठवतेच. रशियन कवी लेर्मोंतोव्हने १८३१मध्ये, पोरवयात लिहिलेली कविता: मध्यरात्रीच्या आकाशातून एक देवदूत हळू गात उडतो आहे आणि त्याच्या कवेत एक कोवळा आत्मा आहे, दुःखाच्या जगात जन्माला घालण्यासाठी नेलेला. तो आत्मा जन्मभर ते गाणं शोधत राहतो, आणि पृथ्वीवरची गाणी त्याला कंटाळवाणी वाटतात.

टॉलस्टॉयची कविता म्हणजे हाच प्रवास आरशात. तोच ‘हळू’, तेच ‘उडणं’, तीच ‘दुशा’. पण लेर्मोंतोव्हच्या आत्म्याला पृथ्वी पुरत नाही आणि टॉलस्टॉयच्या आत्म्याला स्वर्ग. ‘देवदूत’लाही अनेकांनी चाली लावल्या. संगीतकार राखमानिनवची १८९५ची, स्त्रियांच्या किंवा मुलांच्या आवाजांसाठीची (ओपस १५, क्रमांक ६), सहज मिळते.

‘गर्भवासी सुखे घालावे आम्हासी’ हेच ना शेवटी?

मराठी माणूस हे विचारणारच. मीही पहिल्यांदा हेच म्हटलं होतं. तुकोबा मुक्ती नको म्हणतात, पुन्हा जन्म चालेल म्हणतात. इथवर सारखं. पण तुकोबांना परत यायचंय ते देवाचा विसर न होता त्याचे गुण गायला आणि संतांच्या संगतीत राहायला. हिला संतसंग तर वर मिळालेलाच आहे! पुण्यवंतांच्या मेळ्यात ती उभी आहे आणि तिथूनच तिला निघायचंय, कारण तिथे कुणाला तिची गरज नाही. शिवाय पुनर्जन्म ही ख्रिस्ती कल्पना नव्हे, त्यामुळे तिची मागणी तिच्या धर्माच्या चौकटीत अशक्य कोटीतली आहे. तुकोबांची तशी नाही. निर्माता काय म्हणाला, हे टॉलस्टॉय सांगत नाही. कविता मागणीवरच थांबते.

मला गायचं आहे. उच्चारांचं काही सांगाल?

छंद समजला की निम्मं काम झालं. प्रत्येक ओळीत आघात असलेलं एक अक्षर आणि मागे दोन आघात नसलेली, असे चार तुकडे आणि शेवटी दोन अक्षरं, एकूण चौदा. आपल्या भगणाचीच चाल, फक्त गुरुच्या जागी आघात: गोर्-नि-मि | ती-खो-ले | ते-ला-दु | शा-ने-बे | सा-मि.

‘तीखो’तला ‘ख’ घशातला, उर्दू ‘ख़त’सारखा, शेवटच्या ‘ओ’वर आघात नसल्याने तो ‘अ’कडे झुकतो.

सगळ्यांचा पाय घसरतो तो तिसऱ्या ओळीवर. ‘ताऱ्यांसारखे’ या अर्थाचा शब्द आजच्या रशियनमध्ये ‘झ्व्योझ्दामि’ असा, पहिल्या अक्षरावर आघात देऊन म्हणतात. इथे तो जुन्या धाटणीने ‘झ्वेझ्दामि’ असाच हवा, नाहीतर छंदही मोडतो आणि ‘नेबेसामि’शी यमकही. रशियन मित्राने हौसेने तुमचा उच्चार ‘सुधारला’, तर त्याला पहिली ओळ म्हणून दाखवा.

शेवटच्या ओळीत ‘कुणासाठी’ आधी आणि क्रियापद नंतर. मग क्रियापद आधी आणि ‘कुणाला’ नंतर. ‘ओ कोम पझालेत्य इ उतेशित कवो बी.’ दोन्हीकडची ‘कुणी’ ही माणसं टोकांना, मधे कळवळणं आणि सांत्वन. श्वास मधेच घेतला तर ही घडी विस्कटते.

हे फक्त स्त्रियांनी गायचं का?

‘दुशा’ स्त्रीलिंगी म्हणून तशी समजूत होते. पण कथा सांगणारा निवेदक वेगळा आहे. तिचं बोलणं अवतरणात येतं. पुरुष बिनदिक्कत गातात. बल्गेरियन बास गायक बोरिस ख्रिस्तॉफ यांनी १९५०च्या दशकात मुसोर्गस्कीची सगळी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यात हेही आहे. तो खर्जातला आवाज पापण्यांबद्दल गाऊ लागतो तेव्हा दोन क्षण विचित्र वाटतं, मग वाटेनासं होतं.

कुठे ऐकायचं, स्वरलिपी कुठे मिळेल?

तिन्ही संगीतकारांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे मूळ स्वरलिप्यांवर हक्क उरलेला नाही. आयएमएसएलपी या मोफत संग्रहात त्यांची गाणी शोधता येतात. ऐकण्यासाठी संगीतकाराचं नाव आणि ओपस क्रमांक टाका (चायकोव्स्की ४७/२, रिम्स्की-कोर्साकोव्ह २७/१). मुसोर्गस्कीच्या गाण्याला ओपस क्रमांक नाही, तिथे १८७७ हे साल आणि टॉलस्टॉयचं नाव. रशियन लिपीत पहिली ओळ टाकलीत तर निकाल दसपट बरे येतात.

तिन्ही झाल्यावर अजून ऐकावंसं वाटलं, तर चायकोव्स्कीचा शिष्य सेर्गेई तानेयेव्ह याचा ‘दमास्कसचा योहान’ घ्या. १८८४चा कँटाटा, वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी, पियानोवादक निकोलाय रुबिनश्टाइन यांच्या स्मरणार्थ. शब्द पुन्हा याच टॉलस्टॉयचे आणि सुरावटीत ऑर्थोडॉक्स अंत्यप्रार्थनेची धून विणलेली. तिथला आत्मा अजून निघतोच आहे, अनोळखी वाटेवर, भीती आणि आशा दोन्ही घेऊन. मी उलट क्रमाने ऐकतो: आधी तानेयेव्ह, मग मुसोर्गस्की.